हागारेच्या देवा

हे स्वर्गीय पित्या, हागारेला तिच्या नावाने पहिली हाक मारली ती तुझ्या दूताने. उत्पत्तीचा सोळावा अध्याय वाचताना मी दर वेळी त्या हाकेपाशी थांबते. तिची मालकीण साराय तिला माझी दासी म्हणते, सारायचा नवरा अब्राम तिला तुझी दासी म्हणतो. दोघांच्या तोंडी तिचं नाव एकदाही येत नाही. पोटात मूल घेऊन ती घर सोडते, शूरच्या वाटेवर झऱ्यापाशी टेकते, आणि तिथे कोणीतरी तिला हागार म्हणतं. कुठून आलीस, कुठे निघालीस, म्हणून विचारतं. प्रभू, पदव्युत्तर परीक्षेच्या प्रबंधाला मी हीच बाई घेतली आहे. तिच्याविषयी लिहिण्याआधी तुझ्याशी बोलायचं आहे. तू तिला पाहिलं आहेस. मी फक्त वाचलं आहे.

तू मला जिथे ठेवलंस ते ठिकाण तुला ठाऊक आहे, तरी सांगते, कारण सांगितलं की मन थाऱ्यावर येतं. कुवेतमधलं जलीब अल शुयूख. आमच्या बाजूला सगळे अब्बासियाच म्हणतात. विमानतळ हाकेच्या अंतरावर. ऑनलाइन तासाला बसलं की विमान उतरताना सरांचं अर्धं वाक्य जातं. इमारतीत केरळचे, आंध्रचे, इजिप्तचे, बांगलादेशचे लोक, एकेका खोलीत तीन-तीन, चार-चार. माझ्या खोलीतल्या दोघी मल्याळी नर्सा. त्यांना माझं मराठी कळत नाही, मला त्यांची प्रार्थना कळत नाही, पण शनिवारी दुपारी साडेचार वाजले की त्या टीव्हीचा आवाज बंद करतात, कारण पुण्यात तेव्हा सात वाजलेले असतात आणि माझा तास सुरू होतो. माझी ड्युटी त्या दिवशी आली तर त्यातली एक आपली सुट्टी मोडून बदलून घेते. या दोघींना आशीर्वाद दे, देवा. माझ्या पदवीवर त्यांचंही नाव असायला हवं.

या अभ्यासाची ओढ तू मला २०२० साली लावलीस. कोविडमुळे ६ एप्रिलला जलीबभोवती कुंपण पडलं, आणि जुलैपर्यंत वस्ती आत आणि शहर बाहेर, अशी गत होती. आम्ही नर्सा पास दाखवून बाहेर पडायचो, ड्युटी करून पुन्हा आत यायचो. रोजंदारीवरची माणसं रांगेत उभी राहून जेवणाची पाकिटं घ्यायची. तेव्हा मला एकेकाने विचारलं, सिस्टर, तुम्ही प्रार्थना करता ना, मग हे काय चाललंय? माझ्याकडे लहानपणापासून पाठ केलेली उत्तरं होती. मिरजेच्या चर्चमध्ये, रविवारच्या शाळेत शिकलेली. ती उत्तरं खोटी नव्हती. पण त्या रांगेपुढे ती फार लवकर संपायची. मला तुझ्याविषयी अजून शिकायला हवं, हे तिथे कळलं.

आता अभ्यासात आहे तर तू मला नेलंस ते हागारेपाशी. माझा व्हिसा सतरा नंबरचा, सरकारी नोकरीचा. घरकामाला आलेल्या बायांचा वीस नंबरचा. एकाच विमानातून उतरतो आम्ही, पण या दोन आकड्यांत केवढं अंतर आहे ते इथे राहणाऱ्यालाच समजतं. मला पगाराची तारीख आहे, ड्युटी चार्ट आहे, दाराला आतून कडी आहे. २०१५ च्या ६८ नंबरच्या कायद्याने त्यांनाही आठवड्याची सुट्टी, कामाच्या तासांची मर्यादा आणि स्वतःचा पासपोर्ट जवळ ठेवायचा हक्क दिला. चांगला कायदा आहे, आणि तो पाळणारी घरंही मी पाहिली आहेत. जिथे पाळला जात नाही, तिथून निघून आलेल्या बायांसाठी सरकारने काढलेलं आश्रयगृह याच जलीबमध्ये आहे. म्हणजे हागार लांब कुठे शोधायला नको. माझ्या पत्त्यावरच ती राहते.

ती आमच्या वॉर्डात आली होती, प्रभू. तिचं नाव तुला माहीत आहे. प्रबंधात ते येणार नाही आणि इथेही नको. डावा हात मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत भाजलेला. भाजलेल्याचं ड्रेसिंग ओढून काढत नाहीत. आधी सलाईन ओतून भिजवायचं, थांबायचं, मग गॉजचं एक टोक उचलायचं, चिकटलेलं दिसलं की पुन्हा ओतायचं. घाई केली तर खाली नुकती धरू लागलेली त्वचा गॉजबरोबर निघून येते. ती तेलुगू बोलणारी, मी मराठी; आमच्यात मालकिणीच्या स्वयंपाकघरात शिकलेली तिची अरबी आणि वॉर्डात शिकलेली माझी अरबी, त्यात थोडी हिंदी. ती रडत नव्हती. हात माझ्याकडे आणि तोंड भिंतीकडे. ड्रेसिंग संपत आलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, सिस्टर, मला परत तिथेच पाठवणार का?

कायद्यात बसेल ते आम्ही केलं. सोशल वर्करला बोलावलं, डॉक्टरांनी कागदावर लिहायचं ते लिहिलं. पण देवा, तो प्रश्न मी अभ्यासाच्या टेबलावर आणला आहे, आणि तो तुझ्यासमोर मांडल्यावाचून मला पुढे लिहिता येत नाही. कारण तुझ्या दूताने हागारेला सांगितलं की परत जा. मालकिणीकडे परत जा आणि तिच्या हाताखाली राहा. सारायने तिचा छळ केला हे त्याच अध्यायात, थोडंच वर लिहिलेलं असताना.

मी टीकाग्रंथ वाचले. फिलिस ट्रिबल यांचं १९८४ चं पुस्तक वाचलं. शास्त्रातल्या ज्या कथा वाचताना धडकी भरते अशा चार कथा त्यांनी घेतल्या, आणि त्यांत हागार पहिली. मग डिलोरेस विल्यम्स यांचं १९९३ चं वाचलं. त्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाजूने वाचतात आणि सांगतात की इथे देव हागारेची सुटका करत नाही, तिच्या जगण्याची सोय करतो. नर्स म्हणून मला हे पटतं. पोटुशी बाई, ओसाड वाट, जवळ सुईण नाही. आधी जीव वाचवायचा, बाकीचं नंतर. अपघात विभागात आम्ही रोज असाच विचार करतो. पण वॉर्डातल्या त्या बाईसमोर उभं राहून हे मला बोलता आलं नसतं, आणि जे तिच्यासमोर बोलता येत नाही ते प्रबंधात लिहायला माझा हात धजत नाही.

अनुवाद या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात तूच नियम घालून दिलास की धन्यापासून पळून आलेल्या दासाला धन्याच्या हाती देऊ नका, त्याला आवडेल तिथे तुमच्यात राहू द्या, त्याला जाचू नका. शेजारच्या राज्यांतले कायदे पळालेल्या दासाला परत करा म्हणत असताना तू हे सांगितलंस. मग प्रभू, हागारेला दिलेली ती आज्ञा तुझ्याही मनात सलत राहिली होती का? मी हे मार्गदर्शकांना विचारलं. त्यांनी नको म्हटलं नाही, पुरावा मागितला. पुरावा माझ्यापाशी नाही. म्हणून हा प्रश्न प्रबंधात न घालता प्रार्थनेत घालते आहे. इथे पुराव्यावाचून विचारता येतं.

आणि पौलाविषयीही बोलू दे. गलतीकरांच्या पत्रात त्याने हागारेचं रूपक केलं. ती अरबस्तानातला सिनाय पर्वत झाली, दास्याचा करार झाली. पौल स्वतः अरबस्तानात राहून आलेला, हे तो त्याच पत्रात सांगतो. त्याचा युक्तिवाद मला समजतो, परीक्षेत मी तो नीट मांडते. त्याच्या पत्रांनी मला कितीतरी रात्री उभं ठेवलं आहे. पण रूपक झालं की बाईची तहान जाते. बैर-शेब्याच्या रानात पाणी संपल्यावर लेकराचं मरण बघवणार नाही म्हणून त्याला झुडपाखाली ठेवून बाणाच्या टप्प्याइतक्या अंतरावर जाऊन बसलेली आई, तिचं रूपक माझ्याकडून होऊ देऊ नकोस.

पित्या, मी सारायसाठीही मागते. तिच्यासाठी मागणं मला या देशाने शिकवलं. आमच्या वॉर्डात एक कुवेती आजी होत्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या. लेक उमराहून आली तेव्हा जमजमचं पाणी घेऊन आली. आजींनी औषधाच्या छोट्या कपात ते ओतलं आणि मला दिलं. मी ख्रिस्ती आहे हे त्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी मला हाजरची, म्हणजे हागारेचीच, गोष्ट सांगितली, तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत ती सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात वेळा कशी धावली ते, आणि आजही हजला, उमराला गेलेला प्रत्येक जण, राजा असो की मजूर, तिच्या त्या धावण्याची वाट चालतो ते. सांगताना त्यांचे डोळे भरले. मी उत्पत्ती इतकी वर्षं वाचते, पण एका दासीच्या धावपळीला कोट्यवधी माणसांनी आपल्या पायांनी मान द्यावा, हे मी त्या पलंगापाशी पहिल्यांदा मनावर घेतलं. त्यांच्या सोबतीला आलेली घरची कामवाली रात्रभर खुर्चीत बसायची. आजींना कळ आली की तीच आधी उठायची, माझ्याही आधी. आजी तिला नावाने हाक मारत. त्या घरात ती सुखी होती की नाही हे मला काय माहीत? पण नावाने हाक मारत होत्या, आणि मी त्याबद्दल तुझे आभार मानते. त्या आजींचा गुडघा बरा कर. ती खुर्चीतली बाई घरी जाऊन आपल्या लेकरांना भेटू दे.

या किनाऱ्यावर तुझी ओळख फार जुनी आहे हेही मला अभ्यासातूनच कळलं. कुवेतच्या फैलाका बेटावर अल-कुसूर इथे वाळूखालून प्राचीन चर्च निघालं. पूर्वेकडच्या मंडळीचे लोक तिथे तुझी उपासना करत. सातव्या शतकात याच आखाताच्या काठी, बेथ कत्राये प्रांतात, तुझा भक्त इसहाक जन्मला. त्याला निनवेचा बिशप केलं, पाच महिन्यांत त्याने ते पद सोडलं आणि डोंगरात जाऊन राहिला. वाचून वाचून त्याची दृष्टी गेली असं सांगतात. दयाळू अंतःकरण कसं असतं हे त्याने लिहून ठेवलं: ते माणसांसाठी जळतं, पाखरांसाठी, जनावरांसाठी, आणि आपलं वाईट करणाऱ्यांसाठीही डोळ्यांत पाणी आणून मागतं. हे वाचल्यापासून मी त्या घरासाठी प्रार्थना करायचा प्रयत्न करते, जिथे तो हात भाजला. प्रयत्न करते म्हणते, कारण शब्द ओठांपर्यंत येतात आणि अडतात. इसहाकाला जे दिलंस त्यातलं थोडं मला दे.

तुझ्या सेवकांसाठी तुझे आभार. डॉक्टर एलिनॉर कॅल्व्हरली १९१२ साली कुवेतला आल्या, पुरुष डॉक्टरांपुढे न जाणाऱ्या बायकांना तपासायला. मिरजेत डॉक्टर वॉनलेस यांचं हॉस्पिटल १८९४ पासूनचं. आमच्याकडच्या कितीतरी मुलींच्या हातात नर्सिंग त्याने दिलं. तुझ्या दयेची कामं अशी कुठून कुठे जोडलेली आहेत, आणि त्या धाग्याच्या एका टोकाला धरून मी इथवर आले.

पण सगळ्यांत जास्त धीर मला पंडिता रमाबाईंचा येतो. नोकरी करून शिकणारे आम्ही थकलो की थकव्याचंच भांडवल करतो. रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली आणि विधवा सांभाळल्या, आणि ते करत करत हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. खेड्यातल्या बाईला वाचून कळावं अशा सोप्या मराठीत. खिळे जुळवायला, छापायला मुक्तिसदनातल्याच मुली. १९२१ साली त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली. त्यानंतरही त्या कामाला बसल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्यांना तू बोलावलंस आणि ते शास्त्र १९२४ साली छापून बाहेर पडलं. लेक गेल्यावर हागारेची कथा त्यांनी पुन्हा कधी वाचली असेल का? लेकराला झुडपाखाली ठेवणाऱ्या त्या आईपाशी त्यांचं बोट थांबलं असेल का? मला कळायचा मार्ग नाही, तुला माहीत आहे. मी हिब्रूची क्रियापदं पाठ करताना कंटाळले तर मला त्या घराची आठवण दे, जिथे ज्यांना कोणी घरात ठेवत नव्हतं त्या मुलींच्या हातांनी तुझं वचन छापलं गेलं. माझे सगळे संदर्भग्रंथ इंग्रजी आहेत, प्रबंधही इंग्रजीतच द्यायचा आहे. पण तो लिहून झाला की त्यातलं सार मी मराठीत लिहीन, मिरजेतल्या महिला मंडळाला पुरेल एवढं, आणि त्या मला अडवून विचारतील तेव्हा उत्तर देण्याची तयारी माझ्यात असू दे.

एक गोष्ट राहिली आहे, पित्या, आणि ती मी टाळत होते. १२ जून २०२४. मंगफमधल्या कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली. पन्नासच्या आसपास माणसं गेली, त्यांतली बहुतेक आपल्या देशातली, बरीचशी केरळची. झोपेत होती माणसं. हवाई दलाच्या विमानातून शवपेट्या कोचीला गेल्या. आमच्या इमारतीत त्या आठवड्यात मोठ्याने कोणी बोलत नव्हतं. माझ्या खोलीतल्या एकीच्या गावाकडचा एक जण त्यांत होता. उत्पत्तीच्या एकविसाव्या अध्यायात तू मुलाचा आवाज ऐकलास, हागारेचे डोळे उघडलेस आणि तिला विहीर दिसली. त्या पहाटे जिन्यात धूर भरला तेव्हा विहीर कुठे होती? मी हे उद्धटपणे विचारत नाही. ईयोबाने विचारलं, स्तोत्रकर्त्यांनी विचारलं, तुझ्या पुत्राने वधस्तंभावरून विचारलं, म्हणून मला विचारायची वाट आहे. दुःखाच्या प्रश्नावर किती मतं आहेत, कोणतं कोणाचं, हे मी उत्तरपत्रिकेत लिहू शकते. खोलीतल्या त्या मैत्रिणीपाशी मी त्यातलं काही बोलले नाही. पेज केली, तिला भरवली, तिच्या घरी फोन लावून दिला. माझी विद्या वाढत जाईल तसा हा धाक माझ्यात राहू दे, की जळलेल्या घरापुढे तुझी बाजू मांडायची घाई करू नये. तुझी बाजू तू मांडशील. मी तुझी वाट पाहीन, आणि विचारत राहीन.

आता माझं मागणं ऐक. जिच्या हाताचं ड्रेसिंग मी केलं, तिचं दुःख माझ्या प्रबंधाचं साहित्य होऊ देऊ नकोस. तिने मला ते अभ्यासासाठी दिलेलं नाही. तिच्यामुळे मी वचन वेगळ्या डोळ्यांनी वाचते, एवढंच माझ्या लिहिण्यात उतरू दे. ती आता कुठे आहे मला माहीत नाही. आश्रयगृहात असेल, गावी पोचली असेल, की दुसऱ्या घरी कामाला लागली असेल. तिच्याकडे बघ. तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिला तूच दे, आणि ते परत जा असं नसावं, ही माझी विनंती आहे.

प्रबंधाचं तिसरं प्रकरण अडलं आहे. परत जा या आज्ञेवर मला एक बाजू घ्यावी लागेल. सरांना पटेल अशी नको, मला सोपी जाईल अशीही नको. खरी जी असेल ती दाखव. फीचा शेवटचा हप्ता या महिन्यात भरायचा आहे आणि घरी आईच्या डोळ्यांचं ऑपरेशनही याच महिन्यात आहे. दोन्हीला पुरेल असं कर, आणि एकच होणार असेल तर आईचं होऊ दे. आजच्या रात्रीच्या ड्युटीआधी मला चार तास शांत झोप दे. वॉर्डात एक नवीन पेशंट आली आहे, तीही भाजलेली, तिला अजून कोणाची भाषा समजलेली नाही. माझे हात सावकाश चालू देत. तुझ्या पुत्राच्या, आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागते. आमेन.